जुने कॉम्प्युटर गेम : माल जुना, पन्हा नवा

आमच्या शिर्डीत तिशी-चाळिशीतले दुकानदार आणि लॉजवाले हल्ली मुलांसाठी (खरे तर स्वतःसाठीही) 'डूम' किंवा 'एज ऑफ एम्पायर्स' मागतात. दुरुस्तीवाला पेनड्राइव्हमधून फुकट काहीतरी टाकून देतो. अशा चोरीच्या प्रतींबरोबर व्हायरस येण्याचा धोका मोठा असतो. त्याच मशीनवर दुकानाची बिले, जीएसटीचा हिशेब आणि बँकेचा व्यवहार असतो. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर.

जुना गेम नव्या मशीनवर तसाच का चालत नाही? कापडवाल्याला हे लवकर समजेल. जुन्या पन्ह्याची डिझाइन नव्या मशीनवर छापायची तर स्क्रीन नव्याने बनवाव्या लागतात. १९९३ चा 'डूम' विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीसाठी लिहिलेला. त्या काळच्या काही गेमचा वेग थेट प्रोसेसरवर बांधलेला होता, त्यामुळे आजच्या मशीनवर ते उधळतात. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम तर सुरूच होत नाहीत. त्यावर उपाय 'डॉसबॉक्स' : नव्या कॉम्प्युटरच्या आत जुन्या कॉम्प्युटरची नक्कल उभी करणारा, २००२ पासूनचा मोफत प्रोग्राम. पुष्कळ जुने डॉस गेम विकताना तो आतच बसवून देतात.

पण तंत्रापेक्षा कागदपत्रे अवघड. १९९९ च्या 'सिस्टम शॉक २' चे उदाहरण घ्या. तो बनवणारी लुकिंग ग्लास कंपनी २००० मध्ये बंद पडली आणि हक्क गेले एका विमा कंपनीकडे! नाइटडाइव्ह या नव्या कंपनीने तिच्याशी करार केला, तेव्हा २०१३ मध्ये गेम पुन्हा विक्रीला आला. तो ज्या 'गॉग' या इंटरनेटवरील दुकानात आला, ते पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ मध्ये खास जुन्या गेमसाठी उघडले होते. ही कंपनी १९९४ पासून सीडी विकत आली, तेही नकली मालाने भरलेल्या बाजारात. नकलीशी झुंजत वाढलेल्यांनीच जुना माल रीतसर विकायला काढला, हे मला विशेष वाटते.

'एज ऑफ एम्पायर्स' चा १९९९ चा दुसरा भाग २०१९ मध्ये नव्या चित्रांसह आला. २०२२ मध्ये त्यात गुर्जर, बंगाली, द्रविड राज्येही आली.

खरेदीपूर्वी एवढे पाहावे. 'स्टीम' या मोठ्या दुकानात पैसे भरल्यावर मिळतो तो वापरण्याचा परवाना, मालकी नव्हे. २०२४ पासून तेथे तशी सूचनाही दिसते. गॉगवरही परवानाच, पण गेमची फाइल उतरवून आपल्या डिस्कवर ठेवता येते. सेलमध्ये भाव बराच उतरतो, घाई नको. गेम चाललाच नाही तर स्टीम १४ दिवसांत, दोन तासांहून कमी खेळला असल्यास, पैसे परत करते. गॉगची मुदत ३० दिवस, तीही गेम चालवून पाहिल्यावर. आमच्याकडे ताग्यातून कापड फाडले की परत घेत नाहीत.