व्हिडिओ गेम विकीवरील लेखनसंकेत

व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी चालवलेल्या विकीवरील लेखांची भाषा, रचना व मांडणी एकसारखी राहावी म्हणून संपादक जे नियम पाळतात, त्यांना लेखनसंकेत म्हणतात. एकच लेख अनेक जण लिहीत असल्याने ते आवश्यक ठरतात.

कथाविश्व आणि वास्तव

गेममधील कल्पित घटना व गेमविषयीची वास्तव माहिती वेगळी ठेवणे हा सर्वांत महत्त्वाचा संकेत होय. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) या गेममध्ये राजी आपला भाऊ गोलू याचा शोध घेते, हे कथानक, तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो विकसित केला, हे वास्तव. सामान्यतः कथानक वर्तमानकाळात, तर निर्मितीचा इतिहास भूतकाळात व स्वतंत्र विभागात लिहितात.

स्थळांविषयीच्या लेखांतही हाच विवेक लागतो. नाशिक येथे लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, ही आख्यायिका म्हणूनच नोंदवली जाते. तेथील पांडवलेण्यांचे नाव पांडवांशी जोडलेले असले, तरी ती बौद्ध लेणी असून त्यांत सातवाहन व क्षहरातकालीन शिलालेख आहेत.

नावे व शुद्धलेखन

प्रत्येक नाव देवनागरीत एकाच रूपात लिहून अन्य रूपांवरून मुख्य लेखाकडे पुनर्निर्देशन देतात. मराठी मजकुरासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आधारभूत ठरतात. त्यांपैकी १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये चारांची भर पडली. त्यांनुसार ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहितात. गेममधील कल्पित गावालाही हाच नियम लावता येतो.