मीटिंग कुठं भरते?

आकाशवाणीवर बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा मी एकच अट घातली. नाव सांगणार नाही. गाव मालगुंड, एवढं सांगितलं तरी चालेल. ओळखणाऱ्यांना माझा आवाजच पुरे आहे. यात लाजेचा भाग नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., यांच्या बारा परंपरा आहेत. त्यातली अकरावी सांगते की वृत्तपत्रं, रेडिओ आणि चित्रपटांत सदस्यानं आपलं नाव उघड करू नये. उद्या मी पुन्हा प्यायलो तर लोक ए.ए.ला नावं ठेवतील, आणि नाही प्यायलो तर मीच डोक्यावर चढून बसेन. दोन्ही वाईट.

मालगुंड म्हटलं की लोकांना केशवसुतांचं घर आठवतं, शेजारचं गणपतीपुळं आठवतं. माझ्या घरच्यांना काही वर्षं एकच गोष्ट सुचायची, की हा संध्याकाळी कुठल्या अवस्थेत परतणार. शपथा सगळ्या घेऊन झाल्या होत्या. देवासमोर, आईच्या पायावर हात ठेवून. शेवटी बायको म्हणाली, "आता शपथ नको. तुमच्यासारखे आणखी कुणी असतील ना? त्यांनी काय केलं, ते विचारून या."

पण विचारायचं कुणाला? प्यायला कुठं मिळते, हे गावातलं शाळकरी पोरही सांगेल. सोडायला कुठं जायचं, हे विचारलं की विचारणाऱ्याचीच चर्चा. गंमत बघा, रस्त्यात पडलो तेव्हा मला लाज वाटली नव्हती. चौकशी करायची वाटत होती.

आधी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो, ते बरं झालं. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. पहिले काही दिवस जिवावरही बेतू शकतं. म्हणून घरच्यांनी माणसाला खोलीत कोंडून दारू 'सोडवू' नये. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

मीटिंगसाठी फोन केला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "आज घेतलीय का?" म्हटलं, "अजून नाही." तो म्हणाला, "मग आजचा दिवस तसाच काढू या." मग रत्नागिरीतला वार आणि वेळ सांगितली. आरे-वारेच्या रस्त्यानं पंचवीस-तीस किलोमीटर. पहिल्यांदा गेलो आणि जिन्याच्या खालूनच परत एसटी पकडली. दुसऱ्या वेळी वरून एक वयस्कर गृहस्थ उतरत होते. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "चहा झालाय, चला," एवढंच म्हणाले.

आत दहाबारा खुर्च्या. वर्गणी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, वाटलं तर पैसे टाकायचे. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. सदस्य होण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा. उपदेश कुणी करत नाही. प्रत्येक जण स्वतःचं सांगतो, आणि तिसऱ्या माणसाचं ऐकताना मला वाटलं, याला माझ्या घरातलं कुणी सांगितलं? देवाचा उल्लेख येतो, पण ज्याला जसा समजला तसा. न मानणारेही तिथं बसतात. काही मीटिंगा 'खुल्या' असतात, त्यांना घरचे येऊ शकतात.

हे सगळं सुरू झालं तेही असंच शोधाशोधीतून. १९३५च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस अमेरिकेतल्याच अॅक्रन गावात अडकला होता. व्यवहार फसलेला, खिसा रिकामा, हॉटेलच्या बारमधून हसण्याचे आवाज. बारकडे न जाता तो फोनकडे वळला आणि दुसरा दारुडा शोधू लागला. सापडला तो एक सर्जन, डॉक्टर बॉब स्मिथ. त्याला सुधारायला नव्हे. स्वतः न पिता राहायला विल्सनला त्याची गरज होती. भारतात ए.ए. आली १९५७मध्ये.

घरच्यांसाठी अल-अॅनॉन हे वेगळे गट आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभं केलेलं मुक्तांगणही बायकांशी वेगळं बोलतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझी बायको माझ्याइतकीच आजारी पडली होती, फक्त तिच्या तोंडाला वास येत नव्हता.

आज शोधणं सोपं झालंय. ए.ए.च्या वेबसाइटवर मीटिंगांची माहिती मिळते, ऑनलाइन मीटिंगाही भरतात. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. फोन करण्यापूर्वी परतीची शेवटची एसटी किती वाजता, तेवढं मात्र आधी बघून ठेवा. आमच्याकडे बऱ्याच जणांची मीटिंग त्या एसटीपायीच बुडते.

आणि अगदीच जवळ काही नसेल तर? ए.ए.च्या तिसऱ्या परंपरेत लिहिलंय की दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन जण एकत्र बसले तरी तो गट होतो. मागे एका रात्री मला फोन आला. गावातलाच होता, त्याचं नाव तर मुळीच सांगणार नाही. "तुम्ही कुठं जाता हो ते?" एवढंच विचारून गप्प झाला. आता मधल्या वारी आम्ही दोघं संध्याकाळी किनाऱ्यावर थर्मास घेऊन बसतो. गावाची समजूत अशी की आमचा जमिनीचा काहीतरी व्यवहार चाललाय. आम्हीही ती खोडून काढलेली नाही.