काऴ्च (चित्रपट)

काऴ्च हा २००४ साली प्रदर्शित झालेला मल्याळम भाषेतील चित्रपट आहे. लेखन व दिग्दर्शन ब्लेसी यांचे असून दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट होय. माम्मुट्टी, पद्मप्रिया, सनुषा आणि बालकलाकार यश यांच्या यात प्रमुख भूमिका आहेत. गुजरातमधील भूकंपात घरापासून तुटलेला एक मुलगा केरळात येऊन पोहोचतो आणि तेथील एक साधे कुटुंब त्याला आपलेसे करते, अशी ही कथा आहे.

पार्श्वभूमी

२६ जानेवारी २००१ रोजी, प्रजासत्ताक दिनी सकाळी पावणेनऊच्या सुमारास, गुजरातच्या कच्छ भागात ७.७ क्षमतेच्या जवळपास जाणारा भूकंप झाला. भूकंपाचे केंद्र भचाऊ तालुक्यात होते. भूज, अंजार, भचाऊ व रापर ही गावे मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या तेरा हजारांहून अधिक होती, तर दीड लाखांवर माणसे जखमी झाली. अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत निघालेली शाळकरी मुले व त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीत कोसळलेल्या इमारतींखाली गाडले गेले. अशा आपत्तीत आईवडील दगावलेली मुले असतात, तशीच आईवडील जिवंत असूनही गर्दीत, रुग्णालयात किंवा छावणीत त्यांच्यापासून दुरावलेली मुलेही असतात. हा फरक चित्रपटाच्या कथेत निर्णायक ठरतो.

कथानक

माधवन (माम्मुट्टी) हा केरळच्या कुट्टनाड भागात राहणारा चित्रपट-ऑपरेटर आहे. आपला प्रक्षेपक घेऊन तो गावोगावी, जत्रा-उत्सवांत चित्रपट दाखवतो. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला परिचित असलेल्या तंबूतल्या सिनेमाशी त्याच्या व्यवसायाचे साम्य आहे. पत्नी लक्ष्मी (पद्मप्रिया) आणि मुलगी अंबिली (सनुषा) यांच्यासह त्याचा संसार चालतो.

भीक मागणाऱ्या टोळीच्या तावडीत सापडलेला एक लहान मुलगा माधवनच्या दृष्टीस पडतो. मुलाला मल्याळम येत नाही. त्याची भाषा आसपासच्या कोणाला कळत नाही. माधवन त्याला घरी आणतो. मुलाचे नाव पवन आहे आणि तो गुजरातच्या भूकंपातून आलेला आहे, हे हळूहळू उलगडते. घरात त्याला ‘कोच्चुंडाप्री’ हे लाडाचे नाव मिळते. अंबिलीला भाऊ मिळतो आणि सुरुवातीला साशंक असलेली लक्ष्मी त्याची आई होते.

पुढे मुलाचा प्रश्न पोलीस व न्यायालयापर्यंत जातो आणि त्याला गुजरातला परत पाठवण्याचे ठरते. माधवन स्वतः त्याला घेऊन तेथे जातो. भूकंपाने केलेला विध्वंस तो प्रथमच प्रत्यक्ष पाहतो. मुलावर हक्क सांगायला कोणी आले नाही तर त्याला दत्तक घेण्याची आपली तयारी आहे, असे तो अधिकाऱ्यांना सांगतो. मात्र पवनचे आईवडील मरण पावल्याचे निश्चित झालेले नसल्याने त्याची विनंती मान्य होत नाही. माधवन आपला पत्ता लिहून देतो आणि एकटाच परततो. तो गेल्यावर अधिकारी तो कागद टाकून देतो.

शीर्षकाचा अर्थ

मल्याळम भाषेत ‘काऴ्च’ या शब्दाचा मुख्य अर्थ दृष्टी किंवा दृश्य असा आहे. देवापुढे अथवा थोर व्यक्तीपुढे ठेवलेली भेट, नजराणा, असाही त्याचा अर्थ होतो. लोकांना पडद्यावरची दृश्ये दाखवून पोट भरणारा नायक आणि त्याच्या दारी भेटीसारखा आलेला मुलगा, या दोहोंना हे शीर्षक लागू पडते. शब्दातील ‘ऴ’ हा वर्ण मराठीत नाही. त्यामुळे हे नाव मराठीत ‘काळ्च’ किंवा ‘काझ्च’ असेही लिहिलेले आढळते.

आशय

कथेत परक्या मुलाबद्दलची माया आणि त्या मुलावरचा कायदेशीर अधिकार समोरासमोर येतात. भीक मागायला लावणारी टोळी मुलाला ताब्यात ठेवते, तेव्हा तिला कोणी कागद विचारत नाही. त्याला वाढवू पाहणाऱ्या माधवनला मात्र प्रत्येक पायरीवर कागद लागतो. यातून व्यवस्थेवरची टीका स्पष्ट होते.

तथापि ज्या नियमामुळे माधवनला रिकाम्या हाती परतावे लागते, तो नियम निराधार नाही. सापडलेले मूल कोणी सांभाळायला तयार आहे, एवढ्यावरून ते दत्तक देता येत नाही. आधी त्याच्या आईवडिलांचा शोध घ्यावा लागतो. ते मिळाले नाहीत, तरच मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे घोषित होते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार हा निर्णय बालकल्याण समिती घेते आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांची, तर त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांची मुदत आहे. आपत्तीनंतर घाईने दत्तक दिलेले मूल शोधत त्याची खरी आई पुढे आली, तर झालेली हानी भरून निघणे कठीण असते. मुलांच्या अपव्यापाराचा धोकाही अशाच काळात वाढतो.

त्यामुळे चित्रपटाच्या शेवटी दोष नियमाकडे कमी आणि तो राबवणाऱ्याच्या अनास्थेकडे अधिक जातो. मुलाच्या आईवडिलांची वाट पाहणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच होते. माधवनचा पत्ता जपून ठेवणे हेही त्याच कर्तव्यात येत होते. पवनचे कोणी आलेच नाही, तर त्याची वाट पाहणारे एक घर कुट्टनाडमध्ये आहे, ही माहिती त्या कागदाबरोबर नाहीशी होते.

भाषा हा चित्रपटातील आणखी एक महत्त्वाचा घटक आहे. केरळात पवन मुका असल्यासारखा वावरतो आणि गुजरातमध्ये पोहोचल्यावर तीच अवस्था माधवनची होते. दोघांमधील नाते शब्दांपेक्षा स्पर्श, जेवण, आंघोळ आणि खेळ यांतून घडत जाते.

निर्मिती

ब्लेसी हे केरळमधील तिरुवल्ला येथील असून त्यांनी पद्मराजन यांच्यासारख्या दिग्दर्शकांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. चित्रपटाचे एक निर्माते नौशाद हे पाककलेच्या क्षेत्रात प्रसिद्ध होते. छायालेखन अळगप्पन यांचे, संगीत मोहन सितारा यांचे व गीते कैतप्रम यांची आहेत. कथेचा बराचसा भाग कुट्टनाडमध्ये घडतो. समुद्रसपाटीच्या खाली असलेली भातशेती, कालवे आणि होड्या यांसाठी हा प्रदेश ओळखला जातो. पाण्याने वेढलेले हिरवे कुट्टनाड आणि कच्छमधील ढिगारे यांतील विरोध छायालेखनातून ठळक झाला आहे. होडीच्या तालावर बेतलेले या चित्रपटातील एक गीत केरळात विशेष लोकप्रिय झाले.

पुरस्कार

२००४ सालच्या केरळ राज्य चित्रपट पुरस्कारांत माम्मुट्टी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि ब्लेसी यांना सर्वोत्कृष्ट पदार्पण दिग्दर्शक हे पुरस्कार मिळाले. लोकप्रियता व कलामूल्य असलेल्या चित्रपटाचा पुरस्कारही ‘काऴ्च’ला देण्यात आला. बालकलाकारांचाही या पुरस्कारांत गौरव झाला.

नंतरचा काळ

‘काऴ्च’नंतर ब्लेसी यांनी स्मृतिभ्रंशाच्या आजारावरील ‘तन्मात्रा’ (२००५) हा चित्रपट दिग्दर्शित केला. आखाती देशात अडकलेल्या केरळी मजुराची कथा सांगणारा त्यांचा ‘आडुजीवितम्’ २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. अनोळखी प्रदेशात, भाषा न कळणाऱ्या लोकांत एकटे पडलेले माणूस हा विषय त्यांच्या पहिल्या चित्रपटात एका लहान मुलाच्या रूपाने आला होता.