बंद बाथरूम, गॅस गीझर आणि मोलचा हिशेब

मागच्या काही भागांवर एक कॉमन तक्रार आली: ऐकताना आकडे निसटतात. म्हणून आजचा भाग लिहूनही टाकतोय, कारण आज आकडेच आकडे आहेत. विषय आहे रासायनिक समीकरणं संतुलित करणं आणि मोल. थांबा, लगेच स्किप करू नका. नववी-दहावीतला हा भाग मार्कांपुरता वाटतो, पण दर थंडीत पेपरात एक बातमी येते, की बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता, दार-खिडकी बंद, आणि आत आंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही. त्या बातमीत नेमकं काय घडतं, हे कळायला हाच धडा लागतो.

मी केमिस्ट्रीवाला नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे मला समीकरण म्हणजे हिशेबाची वही वाटते: डावीकडे जेवढे अणू आले, तेवढेच उजवीकडे दिसले पाहिजेत. अणू मध्येच गायब होत नाहीत, नवीन येत नाहीत. बस्स, संतुलन म्हणजे एवढंच.

आपल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. सोयीसाठी सगळा ब्युटेनच धरू. (प्रोपेन धरला तरी दर ग्रॅममागे लागणारा ऑक्सिजन जवळपास तेवढाच येतो, करून बघा.) ब्युटेनच्या एका रेणूत ४ कार्बन आणि १० हायड्रोजन. हवेतला ऑक्सिजन जोडीनेच फिरतो, एका रेणूत २ अणू. गॅस नीट जळला तर दोनच गोष्टी बनतात: कार्बन डायऑक्साइड, ज्यात १ कार्बन आणि २ ऑक्सिजन, आणि पाणी, ज्यात २ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन.

आता जुळवू. आधी कार्बन: डावीकडे ४, म्हणून उजवीकडे ४ कार्बन डायऑक्साइड. मग हायड्रोजन: १० आहेत, पाण्याच्या एका रेणूत २ जातात, म्हणून ५ पाणी. ऑक्सिजन मुद्दाम शेवटी, कारण तो डावीकडे एकटाच आहे, त्याचा आकडा बदलला तर दुसरं काही बिघडत नाही. उजवीकडे ऑक्सिजन किती? ४ कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे ५, एकूण १३. जोडीने हवेत, म्हणजे साडेसहा रेणू. अर्धा रेणू नसतो, म्हणून सगळ्याला दोनाने गुणायचं:

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

इथे बरेच जण एक शॉर्टकट मारतात: आकडा जुळत नाही म्हणून रेणूच्या आतलाच आकडा बदलतात. पाण्याला एक ऑक्सिजन जास्त चिकटवला की हिशेब जुळतो खरा, पण ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. रेणूंची संख्या बदला, रेणू नाही.

आता मोल. रेणू मोजणार कसे? एकेक करून शक्यच नाही. केळी आपण डझनाने घेतो, कोथिंबीर जुडीने. तसाच मोल हा एक ठरलेला गठ्ठा आहे: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढे कण. (मराठीतल्या 'मोल'शी याचा काही संबंध नाही, शब्द जर्मनमधून आलाय. पण लक्षात ठेवायला बरा आहे.) गंमत अशी की हा गठ्ठा वजन करून मोजता येतो. बँकेत नाण्यांची थैली वजनावर टाकून किती नाणी आहेत ते काढता येतं ना, तसंच. कार्बनचं वस्तुमान १२, हायड्रोजनचं १, ऑक्सिजनचं १६. ब्युटेन: चार बारे अठ्ठेचाळीस, अधिक दहा, म्हणजे ५८. तर ५८ ग्रॅम ब्युटेन म्हणजे १ मोल. ग्रॅमला ५८ ने भागा, मोल मिळाले.

घरचा सिलिंडर १४.२ किलोचा. १४२०० भागिले ५८, साधारण २४५ मोल. प्रत्येकाला साडेसहा मोल ऑक्सिजन, म्हणजे जवळपास १५९० मोल. ऑक्सिजनचा एक मोल ३२ ग्रॅम, म्हणून वजन होतं सुमारे ५१ किलो! सिलिंडरमधल्या गॅसच्या साडेतीन पट वजन आपण घरातल्या हवेतून उचलतो. बदल्यात ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी, वाफेच्या रूपात. १४ आणि ५१, ६५. ४३ आणि २२, ६५. जुळलं.

स्वयंपाकघरात हा ऑक्सिजन खिडकीतून येत राहतो. बंद बाथरूममध्ये?

पाच बाय पाच फूट, उंची आठ फूट, असं छोटं बाथरूम घेऊ. २०० घनफूट, म्हणजे साधारण ५६६० लिटर हवा. खोलीच्या तापमानाला कुठल्याही वायूचा एक मोल सुमारे २४ लिटर जागा घेतो. ५६६० भागिले २४, साधारण २३६ मोल हवा. त्यात ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे ५० मोलच्या आसपास.

आता गीझर. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला मिनिटाला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. दहा मिनिटांत १५० ग्रॅम, म्हणजे २.६ मोल. गुणिले साडेसहा: १७ मोल ऑक्सिजन. पन्नासातले सतरा! दहा मिनिटांत हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ च्या घरात येतो. खरं बाथरूम इतकं हवाबंद नसतं, दाराच्या फटीतून थोडी हवा येते, म्हणून हे अगदी काटेकोर नाही. पण दिशा कळली.

खरा घात मात्र इथे नाही. ऑक्सिजन कमी पडला की समीकरणच बदलतं. १३ रेणू मिळाले नाहीत, ९ च मिळाले, तर:

२ ब्युटेन + ९ ऑक्सिजन → ८ कार्बन मोनॉक्साइड + १० पाणी

कार्बनला दोन ऑक्सिजन हवे होते, एकच मिळाला. हा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा वास आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि ज्योतीत तो जळून जातो. म्हणून 'वास आला की बाहेर पळू' हा प्लॅन इथे चालत नाही.

किती पुरतो? अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेने हवेच्या दहा लाख भागांत १२०० भाग ही पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानली आहे. आपल्या २३६ मोल हवेत ते होतात ०.२८ मोल. कार्बन मोनॉक्साइडचा मोल २८ ग्रॅम. म्हणजे फक्त ८ ग्रॅम! दहा मिनिटांत आपण १०.४ मोल कार्बन जाळला; त्यातल्या शंभरातल्या तीनहून कमी अणूंनी वाट चुकवली तरी ही पातळी गाठली जाते. ज्योत विझायचीही गरज नाही. गीझर छान चालू असतो, पाणी गरम येत असतं.

मग करायचं काय? गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. फक्त पाण्याचा पाइप आत. मी भाड्याने राहतो तिथे तो आतच होता, घरमालक काकांना हाच हिशेब कागदावर दाखवला, आणि पुढच्या आठवड्यात प्लंबर आला. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या, मगच आंघोळ. 'एक्झॉस्ट फॅन आहे की' म्हणणाऱ्यांना: फॅन हवा बाहेर फेकतो, पण बाहेरची हवा आत यायला जाळी किंवा फट नसेल तर त्याचा भरवसा धरू नका. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, तर गीझर वापरायचा थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा.

आत असताना डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले, तर खाली बसू नका, टॉवेल गुंडाळा आणि बाहेर या. कोणी आत पडलेलं दिसलं तर दार सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत ओढा, १०८ ला फोन लावा. आणि डॉक्टरांना गीझर चालू होता हे आधी सांगा, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगलाच दाखवू शकतो. त्याला हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की कार्बन मोनॉक्साइड, यातला फरक ओळखता येत नाही.

पुढच्या भागात खायचा सोडा आणि लिंबू. तोवर तुमच्या बाथरूमची मापं टाकून हा हिशेब करा आणि उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा.