क्वांटिटी सर्व्हेअरची नोकरी आणि आपला रेझ्युमे



हाताला कसब आणि पोटाला काम मिळावे म्हणून सयाजीराव महाराजांनी वडोदऱ्यात १८९० साली कलाभवन सुरू केले. आपल्या शाळेतील मुलेही दहावीनंतर सिव्हिलच्या डिप्लोमाला जातात. पुढे मात्र बहुतेकांना साइट इंजिनिअर एवढीच वाट दिसते. क्वांटिटी सर्व्हेअर ही दुसरी वाट. तिची ओळख आणि अर्जाची रीत येथे सांगत आहोत.

नकाशावरून काँक्रीट, विटा, सळई, प्लास्टर किती लागेल ते काढायचे, दर लावून अंदाजपत्रक करायचे आणि काम सुरू झाल्यावर मापे घेऊन कंत्राटदाराचे बिल तयार करायचे किंवा तपासायचे, हे त्याचे काम. थोडक्यात, बांधकामाचा हिशेबनीस. माप चुकले की कोणाचे तरी पैसे बुडतात. म्हणून येथे नेमकेपणाला किंमत आहे आणि त्याची पहिली परीक्षा रेझ्युमेतच होते.

आमच्या पाहण्यात येणारे पुष्कळ रेझ्युमे स्थळासाठी पाठवायच्या माहितीसारखे असतात : वडिलांचा व्यवसाय, उंची, जात, छंद. यातले काहीच लागत नाही. आधार किंवा पासपोर्टचा क्रमांकही देऊ नये. नाव, शहर, फोन, ईमेल पुरे. नवख्याने एक पान, अनुभवी माणसाने फार तर दोन पाने लिहावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केलेले काम आकड्यांत सांगावे. ‘एस्टिमेशन व बिलिंगचे ज्ञान’ या शब्दांतून काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘चार मजली निवासी इमारत, आरसीसी व प्लास्टरची मापे नकाशावरून काढली, सळईचे बीबीएस केले, तीन रनिंग बिले तयार केली.’ अनुभव नसेल तर कॉलेजच्या प्रोजेक्टमधील अंदाजपत्रक याच पद्धतीने मांडावे. तेही नसेल तर एखाद्या दोन खोल्यांच्या घराचा नकाशा घेऊन बीओक्यू स्वतः करावा आणि तसे स्पष्ट लिहावे.

त्यानंतर एक्सेल, ऑटोकॅड, आयएस १२०० ही मापनाची भारतीय मानक पद्धत, राज्याची दरसूची, रेट अॅनालिसिस यांपैकी जे येते तेवढेच लिहावे. जाहिरातीतले शब्द आपल्या कामाला खरोखर लागू असतील तर तेच वापरावेत, कारण मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी अनेकदा संगणक करतो. सोबत चार ओळींचे पत्र जोडावे : कोणत्या जागेसाठी अर्ज, आपण काय केले आहे, केव्हा रुजू होऊ शकतो.

न येणारे लिहू नये. मुलाखतीत नकाशा पुढे ठेवून विचारतात, ‘१२ मिलिमीटरच्या सळईचे मीटरला वजन किती?’ व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की उत्तर येते, सुमारे ०.८९ किलो. किंवा विचारतात, ‘प्लास्टर मोजताना ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट का करत नाहीत?’ कारण त्याच्या आतल्या कडांचे प्लास्टरही वेगळे मोजत नाहीत. ज्याने हाताने मापे काढली आहेत, तो इथे अडखळत नाही.

मराठी माध्यमातली मुले इंग्रजीला बिचकतात. तसे बिचकू नये. ‘मोजले, तपासले, तयार केले’ एवढ्या क्रियापदांची छोटी, शुद्ध वाक्ये पुरतात. उलट मराठी, गुजराती, हिंदी या आपल्या भाषा आवर्जून लिहाव्यात. मुकादम व मिस्त्री यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून माप पक्के करणारा माणूस साइटवर हवाच असतो.

पालकांनी रेझ्युमे बाहेरून लिहवून न घेता मुलाला स्वतः लिहू द्यावा. विश्वस्त मंडळास विनंती, की सुट्टीच्या दिवशी संगणक कक्ष माजी विद्यार्थ्यांसाठी खुला करावा आणि बांधकाम व्यवसायातील आपल्या मंडळींनी मुलांच्या सरावासाठी जुने नकाशे द्यावेत. रेझ्युमे पाठवण्याआधी शाळेत आणून दाखवावा. आम्ही सोबत बसून एकेक ओळ तपासू.