अर्ध्या केसाएवढी फट

अकोल्यातल्या एका गॅरेजच्या मागे, कडुलिंबाखाली, लष्कराने लिलावात काढलेला एक शक्तिमान ट्रक उभा आहे. हिरव्यावर हिरवा, त्यावर पुन्हा हिरवा असे त्याचे थर. बॉनेटच्या कडेला पोपडा उडालाय तिथे ते एकाखाली एक मोजता येतात. बंपरवर, वरच्या रंगाखालून, वर टोक असलेला बाण उठून दिसतो. लष्करी गाडीच्या नंबरात त्या बाणानंतरचे पहिले दोन आकडे गाडी फौजेत आल्याचं साल सांगतात. मडगार्डाचे नट मात्र शोधावे लागतात. षटकोन बुजून गेलेत, नुसते गुळगुळीत उंचवटे उरलेत.

मी पाना लावून अंग टाकणार, तेवढ्यात मिस्त्रींनी हात धरला. "जोर नाही लावाचा भाऊ. आधी मोकळा कर त्याले, मग तेल पाज, अन् झोपू दे रातभर."

त्या एका वाक्यात केवढं विज्ञान आहे, हे मला नंतर हळूहळू उलगडत गेलं.

शक्तिमान मूळचा जर्मन. एमएएन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५९ पासून तो तयार होऊ लागला आणि १९९६ पर्यंत होत राहिला. वर्धा नदी ओलांडली की पुलगावचा दारूगोळा डेपो, त्यामुळे असे हिरवे ट्रक आम्हा वऱ्हाडातल्या माणसांच्या ओळखीचे. लष्करात गाडीला रंगाचा हात पुन्हापुन्हा बसतो आणि त्यासाठी दरवेळी नट काढत बसायला कुणाला वेळ नसतो. रंग नटावरून, वायसरवरून, पत्र्यावरून एकसलग फिरतो. तो शाबूत आहे तोवर पाण्याला आत वाट नाही, म्हणजे हे चिलखतच. पण मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, पत्र्याला हात लावला तर चटका बसतो, आणि रात्री तोच पत्रा निवतो. नट आणि पत्रा रोज थोडे फुगतात, थोडे आकसतात. दोघांच्या सांध्यावर ताणला गेलेला रंग एक दिवस केसासारखा तडकतो. मग पावसाळा येतो.

आणि इथला पावसाळा म्हणजे नुसतं पाणी नाही. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट या बाजूला खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणीच खारट. काळी माती चाकाखालून उडून चेसीच्या कोपऱ्यात चिकटते आणि वरून सुकली तरी पोटात ओल धरून बसते. गंजायला लोखंड, पाणी आणि हवा एवढं पुरतं. पण मीठ मिसळलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंज धावत सुटतो.

आता गंजाची करामत बघा. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. मोकळ्या पत्र्यावर तो पापुद्र्यांनी गळून पडतो. आट्यांमध्ये गळायला जागाच नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंना रेटतो. आपण म्हणतो नट चिकटला. खरं तर तो आतून पाचर ठोकल्यासारखा आवळला गेलेला असतो.

बरं, आटा म्हणजे तरी काय? चिखलदऱ्याचा घाट जसा डोंगराला वळसे घालत वर चढतो, तसा बोल्टभोवती गुंडाळलेला चढ. बारा मिलिमीटरच्या साध्या मेट्रिक बोल्टवर नट एक पूर्ण फेरी फिरला की साधारण चौतीस मिलिमीटर चालतो आणि चढतो फक्त पावणेदोन. विसात एक एवढा सौम्य चढ. म्हणून नट आपणहून घसरत नाही. घर्षण त्याला धरून ठेवतं. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग या घर्षणातच जातो, जेमतेम दहावा हिस्सा बोल्टला ताणायच्या कामी येतो. हे तेल लावलेल्या, चांगल्या बोल्टचं. त्यात गंजाची पाचर मिळवली, की पान्याला पाइप लावून अंग टाकल्यावर नट सुटण्याऐवजी बोल्टच का तुटतो ते कळतं.

म्हणून पहिलं काम रंगाचं. मिस्त्री पातळ पातं नटाच्या बुडाशी गोल फिरवतात, भाकरीची कड तव्यावरून सोडवावी तसं. मग तारेचा ब्रश. मग पाना षटकोनावर पूर्ण बसतो की नाही ते पाहणं. इथे इंग्रज आणि अमेरिकन आडवे येतात. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं माप ठरवलं, त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकनांचा ६० अंशांचा. दुसऱ्या महायुद्धात एकाचे नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेनात, म्हणून १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून एक माप ठरवलं. त्याआधीच्या, इंचाच्या मापाच्या अमेरिकन विलीज जीपवर मेट्रिक पाना मारलात, तर तो "जवळपास" बसतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. त्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे माहीत नसलेला माणूस घाम गाळून नट सोडवत नसतो, आवळत असतो.

रंग खरवडताना मिस्त्री तोंडाला ओलं फडकं बांधतात. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. लोखंडावर पहिला हात द्यायचं जे रेड लेड जुन्या काळी वापरत, ते म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड, म्हणजेच आपला शेंदूर. गावोगावच्या मारुतीवर पिढ्यान्‌पिढ्या चढून मूर्तीचे नाकडोळे बुजवणारा पदार्थ आणि बोल्टाला गंजापासून वाचवणारा पदार्थ एकच निघावा, याने मी त्या दिवशी हरखून गेलो होतो. पण हा शेंदूर पोटात जाणं वाईट. कोरडा घासू नये, त्यावर गॅस तर मारूच नये.

रंग हटला, की तेल. डिझेल, रॉकेल किंवा बाजारातला फवारा. त्या फवाऱ्यांतला सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-फॉर्टी १९५३ साली क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरून पाणी हटवायला तयार झाला. चाळिसाव्या प्रयत्नात जमला म्हणून नावात चाळीस. तेल आत जातं ते आपण ढकलल्याने नाही. समईची वात तेल वर ओढते, तशी फट तेलाला ओढते, आणि फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. ज्या वाटेने पाणी आत शिरून बिघाड झाला, त्याच वाटेने औषध जातं. त्याला वेळ द्यायचा, एवढंच. अधूनमधून नटाच्या एका अंगाला घण टेकवून दुसऱ्या अंगाला हातोडीचे हलके ठोके. गंज काचेसारखा ठिसूळ. ठोक्यागणिक त्यात तडा, तड्यात तेल.

तरीही नाही ऐकलं तर रंग आणि तेल पुसून, टाकी आणि ब्रेकचे पाइप दूर आहेत हे बघून, मग गॅस. बोल्ट तापायच्या आत नट झटकन तीनशे अंशांनी तापवला, तर त्याचं बारा मिलिमीटरचं भोक किती मोठं होतं? ०.०४ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या निम्म्याहून किंचित जास्त. एवढ्या जागेसाठी सगळा खटाटोप! पण गंजाची पाचर सैल व्हायला तेवढी पुरते. तापल्या आट्यांना मिस्त्री मेणबत्ती टेकवतात. मेण वितळून क्षणात आत गायब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी पाना लावला आणि आधी नट आवळायच्या दिशेला किंचित दाबला. कट्‌ असा कोरडा आवाज आला, पाचर मोडल्याचा. मग सोडायच्या दिशेला पाव फेरी, परत थोडा मागे, परत पुढे, मध्ये तेलाचा थेंब. आट्यांतून विटकरी पूड तेलासोबत वाहत होती. शेवटच्या तीन फेऱ्या नट बोटांनी फिरला.

त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून काळा, खडबडीत. आतल्या मधल्या दोन आट्यांवर मात्र फॅक्टरीत लावलेलं ग्रीस अजून पिवळसर होतं, आणि त्याखाली लोखंड नव्या नाण्यासारखं चकचकीत.

"ठेव त्या डब्यात," मिस्त्री म्हणाले आणि पातं घेऊन पुढच्या उंचवट्याशी बसले.