देहबोली : ऐकीव काय, खरं काय?

▪ ९३ टक्क्यांचा गैरसमज : ‘संवादात शब्दांचा वाटा जेमतेम ७ टक्के, उरलेला ९३ टक्के स्वर आणि देहबोलीचा’ असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७मधल्या प्रयोगांतला. शब्द, स्वर आणि चेहरा यांचा मेळ नसेल, तर बोलणाऱ्याची आवड-नावड आपण कशावरून ओळखतो, एवढंच त्यांत तपासलं होतं. सगळ्या संवादाला तो लागू नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे.

▪ नजर : नजर चुकवणारा खोटंच बोलतो, याला संशोधनाचा आधार नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर कितीतरी जण आदरानं, संकोचानं खाली बघतात. मुलाखतीत उमेदवाराला त्यावरून जोखणं अन्यायाचं आहे.

▪ अंतर : मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६मध्ये मांडलेल्या वर्गवारीत जिवलगांमधलं अंतर ४५ सेंटिमीटरपर्यंत, तर मित्र-नातेवाइकांमधलं सुमारे सव्वा मीटरपर्यंत असतं. ही मापं अमेरिकी मध्यमवर्गीयांची आहेत. समाज बदलला की तीही बदलतात.

▪ हे करून पाहा
• एका खुणेवरून मत बनवू नका. हाताची घडी थंडीमुळेही घातलेली असते.
• माणसाची नेहमीची ढब आधी ओळखा, मग त्यातला बदल टिपा.
• स्वतःच्या बोलण्याचा व्हिडिओ आवाज बंद करून बघा.
• समोरचा बोलत असताना मोबाइल बाजूला ठेवा.
• शंका आली, तर तर्क लढवण्यापेक्षा सरळ विचारा.